जुन्याला ठिगळ किती लावायचं?

मंडळी, संगणकाच्या गाभ्यावर मी लिहावं याची तुम्हांला गंमत वाटेल. पण डिलाईल रोडच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. १९२०च्या दशकातल्या आमच्या ३२ बीडीडी चाळींनी डागडुजी की नवं बांधकाम, यावर किती बैठका ऐकल्या असतील!

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. नवी आवृत्ती निघते, पण दवाखान्यातलं, बंदरातलं यंत्र जुन्यावरच चालतं. नव्यात सापडलेला दोष बहुधा जुन्यातही असतो. मग ती दुरुस्ती मागे नेऊन जुन्यात बसवायची. सगळ्याच दुरुस्त्या? छे! खिळा काढायला जावं आणि भिंत खाली यावी, तसं होतं.

लिनक्सवाल्यांनी २००५ साली यासाठी 'स्टेबल' शाखा काढली. तिचे नियम माझ्यातल्या मास्तराला फार आवडले. दुरुस्ती आधी मुख्य आवृत्तीत गेलेली हवी, तपासलेली हवी, आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठी नको, आणि लोकांना खरोखर छळणाऱ्या दोषाचीच हवी. काही आवृत्त्या सांभाळायची मुदत २०१७ साली दोनावरून सहा वर्षं झाली, २०२३ साली पुन्हा दोनावर आली. इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारेच फारसे उरले नव्हते.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट निराळी. विंडोज एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ला संपला. १४ मार्च २०१७ला फाइलवाटपातल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती आली, पण एक्सपीला नाही. १२ मेला 'वॉनाक्राय' सुटला, ब्रिटनमधल्या इस्पितळांना रोग्यांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मग लगेच एक्सपीची दुरुस्ती सर्वांना खुली झाली. ती फेब्रुवारीतच तयार होती, वेगळे पैसे मोजणाऱ्या ग्राहकांसाठी! हे मला खटकतं. दुरुस्ती जुन्यात बसेल का, हा कारागिराचा प्रश्न. बसवलेली कुलूपबंद ठेवायची का, हा दुकानदाराचा.

(बळी पडलेली बहुतेक यंत्रं मात्र एक्सपी नव्हती, विंडोज ७ होती. त्यांची दुरुस्ती मार्चपासून मिळत होती, कोणी लावली नव्हती.)

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला आणि समोरच्या न्हावा शेव्यात जेएनपीटीच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनर अडकले. हा त्याच भोकातून शिरे, शिवाय एका यंत्रातून चोरलेल्या पासवर्डांवर दुसऱ्यात जाई. त्यामुळे कचेरीतलं एक यंत्र बिनदुरुस्तीचं राहिलं, तर दुरुस्त केलेली शेजारचीही त्याच्याबरोबर जात.