हेलिकॉप्टर पायलट ते हवाई दलप्रमुख : एअर चीफ मार्शल फली होमी मेजर

फली होमी मेजर हे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झालेले पहिले हेलिकॉप्टर पायलट. ३१ मार्च २००७ ते ३१ मे २००९ या काळात ते या पदावर होते. 'मेजर' हे त्यांचं आडनाव आहे, हुद्दा नव्हे. हवाई दलात मेजर नावाचा हुद्दाच नसतो. वाचताना बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

त्यांचा जन्म २९ मे १९४७ रोजी सिकंदराबादमधील पारशी कुटुंबात झाला. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सिकंदराबाद त्याच संस्थानाच्या राजधानीला लागून होतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीसाठी ते काही परकं शहर नव्हतं. फली मेजर यांचं शालेय शिक्षण तिथल्याच वेस्ली हायस्कूलमध्ये झालं. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ते हवाई दलात अधिकारी झाले आणि त्यांच्या वाट्याला हेलिकॉप्टर आलं.

त्या काळात याचा अर्थ काय होता, हे समजून घ्यायला हवं. प्रशिक्षणात पायलटांची तीन गटांत विभागणी होते : लढाऊ विमानं, मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर. हवाई दलात पहिलं हेलिकॉप्टर १९५४ साली आलं. त्यानंतर अर्धं शतक दलप्रमुखाची खुर्ची हेलिकॉप्टरवाल्याकडे कधीच गेली नाही. नाव, मान आणि वरची पदं लढाऊ विमानांच्या पायलटकडे जायची. हेलिकॉप्टर म्हणजे रसद पोहोचवणारं, जखमींना आणणारं, पुरात अडकलेल्यांना काढणारं यंत्र. काम रोजचं आणि जीवावरचं, पण कौतुक कमी. मेजर यांनी आपल्या गटाबद्दल तक्रार करत बसण्यापेक्षा उड्डाणाचे तास वाढवले. मि-४, मि-८, मि-१७ ही रशियन बनावटीची हेलिकॉप्टरं त्यांनी चालवली आणि सात हजारांहून अधिक तास हवेत काढले. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टर तुकडीचं नेतृत्व केलं.

देशाला त्यांचं नाव कळलं ते ऑक्टोबर १९९२ मध्ये. हिमाचल प्रदेशात परवाणूजवळ टिंबर ट्रेल नावाचं हॉटेल आहे. तिथे दरीवरून जाणारी ट्रॉली आहे. १३ ऑक्टोबरला तिला ओढणारी तार तुटली. ट्रॉली मागे घसरली आणि दरीच्या मधोमध, हजार फुटांहून जास्त उंचीवर लटकत राहिली. ट्रॉली चालवणाऱ्या कर्मचाऱ्याने उडी मारली, तो वाचला नाही. आत दहा प्रवासी अडकले.

त्यांना काढायचं कसं? खालून शिडी नाही, बाजूने रस्ता नाही. उत्तर प्रदेशातील सरसावा तळावरून मि-१७ आलं आणि ते चालवत होते ग्रुप कॅप्टन फली मेजर. हेलिकॉप्टर ट्रॉलीच्या बरोबर वर, हवेत एका जागी स्थिर धरायचं होतं. फार खाली यावं तर पंख्यांच्या वाऱ्याने ट्रॉली झोके घेणार. जरा बाजूला सरकावं तर खाली सोडलेला दोर ट्रॉलीच्या तारांत अडकणार, आणि तसं झालं तर दोन्हींची माती. समोर दरी, बाजूला डोंगर, वाऱ्याचा भरवसा नाही. लष्कराचे कमांडो मेजर इव्हान क्रॅस्टो (इथे मात्र मेजर हा हुद्दाच) दोरावरून ट्रॉलीवर उतरले आणि एकेका प्रवाशाला वर पाठवू लागले. अंधार पडला तेव्हा काही जण अजून आतच होते. क्रॅस्टो रात्रभर त्यांच्यासोबत ट्रॉलीतच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर परत आलं आणि उरलेल्यांची सुटका झाली. दहाही प्रवासी वाचले. क्रॅस्टो यांना कीर्तिचक्र मिळालं, फली मेजर यांना शौर्यचक्र.

पुढे ते पायरी-पायरीने वर गेले. सरसावा आणि लेह हे तळ त्यांनी सांभाळले, मग शिलाँगला मुख्यालय असलेल्या पूर्व हवाई कमांडचे प्रमुख झाले आणि तिथून थेट दलप्रमुख. त्यांच्याच कारकिर्दीत २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला झाला. त्या वेळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो उतरवले ते हवाई दलाच्या मि-१७ हेलिकॉप्टरनेच. निवृत्त होताना त्यांनी सूत्रं सोपवली ती नागपूरच्या प्रदीप नाईक यांच्याकडे.

पारशी समाजातून हवाई दलप्रमुख झालेले ते दुसरे. पहिले अ‍ॅस्पी इंजिनिअर, १९६० ते १९६४. लष्करात सॅम माणेकशॉ, नौदलात जाल कर्सेटजी. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात पारशी होते सुमारे ५७ हजार. एकट्या बीड जिल्ह्यात मुस्लिम तीन लाखांच्या वर आहेत. हा हिशेब प्रत्येकाने घरी करून पाहावा.

आपल्याकडे उदाहरण नाही असंही नाही. हैदराबादचेच इद्रिस हसन लतीफ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले. फाळणीच्या वेळी पाकिस्तानच्या हवाई दलात जाण्याचा पर्याय समोर असताना ते भारतातच राहिले आणि १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख होते. नंतर १९८२ ते १९८५ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

हेलिकॉप्टरचं काम बीडकरांनी अलीकडेच जवळून पाहिलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आष्टी तालुक्यात अडकलेल्या लोकांना काढायला नाशिकहून लष्कराचं हेलिकॉप्टर आलं होतं. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट घडवणारी शाळाही नाशिकलाच आहे. हवाई दलाचे हेलिकॉप्टर पायलट हैदराबादजवळ हकीमपेटला शिकतात.

ज्या घरात दहावी-बारावीचं लेकरू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. बारावीनंतरचा रस्ता एनडीएचा. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, आणि आता मुलींनाही ती देता येते. उड्डाणासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. अकरावीला गणित सोडलं की हा दरवाजा तिथेच बंद. रंगांधळेपणा चालत नाही, म्हणून डोळे आधीच तपासून घ्या. पायलटची खास चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा तयारीशिवाय जाऊ नका. एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरमध्ये १९७७ पासून आहे, मुलींसाठीची नाशिकला. दोन्हीकडे प्रवेश दहावीनंतर, स्पर्धा परीक्षा आणि मुलाखतीतून होतो. त्यामुळे चौकशी दहावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीचं वर्ष सुरू असतानाच करायची.