एका पोथीचा भरवसा, शंभर डिस्कांचा हिशेब

#थ्रेड #इतिहास

१/ जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा दासबोध एकाच पोथीच्या भरवशावर राहिला नाही. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली आणि मठामठांतून नकला होत राहिल्या. कागद नाशवंत होता. मजकूर टिकला तो प्रतींच्या बळावर.

२/ संगणकालाही हाच प्रश्न पडला. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक ही यंत्रणा बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या आणि क्षमता जेमतेम ५ मेगाबाइट. पुढील तीन दशके मोठ्या संस्थांचा विश्वास अशाच अवाढव्य, महागड्या डिस्कवर राहिला.

३/ १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी या विश्वासाला आव्हान दिले. आयबीएम ३३८० ची क्षमता ७,५०० मेगाबाइट, तर वैयक्तिक संगणकातील छोट्या डिस्कची १००. मग एका हत्तीऐवजी अनेक बैल का जुंपू नयेत? याच मांडणीचे नाव ‘रेड’.

४/ अडचणही त्यांनीच आकड्यांत मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात सरासरी दर ३०० तासांनी एक निकामी होणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. संख्या वाढली की धोकाही वाढतो. म्हणून जादा नोंद अपरिहार्य.

५/ ही जादा नोंद म्हणजे पॅरिटी. तीन डिस्कांवर १, ० आणि १ असे अंक असतील, तर एकूण बेरीज सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहिला जातो. कोणतीही एक डिस्क गेली, तरी उरलेल्या तिघींवरून हरवलेला अंक काढता येतो. संपूर्ण नक्कल न करता मिळणारे हे संरक्षण.

६/ प्रारंभी हे गणित महागडे स्वतंत्र कार्ड करी. त्यात एक मेख होती. कार्ड जळाले, तर बहुधा त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधावे लागे. एरवी धडधाकट डिस्काही मुक्या होत. लिनक्समधील एमडी आणि २००५ साली खुल्या झालेल्या झेडएफएसने हे काम सॉफ्टवेअरकडे आणले. आता डिस्का दुसऱ्या संगणकाला जोडूनही वाचता येतात.

७/ त्यामुळे घरगुती साठवण उभारताना निवडीचे निकष बदलले. मदरबोर्डवर सहसा चार ते आठ साटा पोर्ट असतात. त्याहून अधिक डिस्कांसाठी साधे एचबीए कार्ड पुरते. खर्च करायचा तो स्मृतीतील चूक ओळखून सुधारणाऱ्या ईसीसी रॅमवर आणि दर्जेदार पॉवर सप्लायवर. ३.५ इंची डिस्क फिरू लागताना २० ते २५ वॅट ओढते. आठ एकदम सुरू झाल्या, तर सुमारे २०० वॅट.

८/ डिस्क निवडताना एसएमआर प्रकार टाळावा. त्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे सलग पुनर्लेखन मंदावते. २०२० साली घरगुती साठवणीसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कांत हे तंत्र ग्राहकांना न सांगता वापरल्याचे उघड झाले आणि जगभर रोष उसळला.

९/ क्षमता वाढली, वेग त्या प्रमाणात वाढला नाही. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरायची, तर २२ तास लागतात. या काळात दुसरी डिस्क गेली, तर एकेरी पॅरिटी निरुपयोगी ठरते. म्हणून मोठ्या ताफ्यात दुहेरी पॅरिटी.

१०/ स्थानिक हवामानही हिशेबात धरावे लागते. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पेटीतील डिस्क खोलीपेक्षा बरीच अधिक तापते. डिस्कांमधून वारा खेळेल अशी मोठ्या पंख्यांची पेटी तेथे चैन नव्हे. लेखन अर्धवट असताना वीज गेली, तर माहिती आणि पॅरिटी यांचा मेळ बिघडू शकतो. म्हणून यूपीएस हवाच.

११/ तरीही ‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकदमच जाते. आग किंवा चोरी पॅरिटी पाहत नाही. १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देवांना समर्थ वाङ्मय गोळा करता आले, कारण बाडे गावोगावी विखुरलेली होती. घरच्या ताफ्याचीही एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

(समाप्त)