यंत्राची संथा

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या एका शाळेत विज्ञानावर बोलायला गेलो होतो. तोरण्याचा माथा ढगात गेला होता आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माझे बोलणे मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर बारावीतली एक मुलगी पुढे आली. तिला परिचारिका व्हायचे होते. जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे, हे तिने कुठेतरी वाचले होते.

"सर, इथं जर्मनचा क्लास नाही. रोज पुण्याला जाणं परवडायचं नाही. मोबाइलवर पाठ ऐकून जर्मन बोलायला येईल का?"

"येईल, पण..." एवढेच मी म्हणालो आणि घंटा झाली. त्या 'पण'च्या पुढचे राहून गेले, ते इथे लिहितो आहे. प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांतले विद्यार्थी आपल्या शिक्षकांना हेच विचारू लागले आहेत. उत्तर द्यायचे तर आवाज साठवून भाषा शिकवण्याचा इतिहास थोडा पाहायला हवा.

डोळ्यांची जर्मन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडची काही माणसे जर्मनीत राहून जर्मन शिकली. भाषाशास्त्रज्ञ पां. दा. गुणे लाइपझिगला गेले, तर इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनमध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. पण ज्यांना जाणे शक्य नव्हते ते शब्दकोश समोर ठेवून जर्मन शिकत. रसायनशास्त्राच्या संशोधकाला तर सुटकाच नव्हती. सेंद्रिय संयुगांची माहिती असलेला बाइलश्टाइनचा महाकोश अनेक दशके जर्मनमध्येच निघत होता. त्यामुळे ग्रंथालयात बसून जर्मन वाक्य सोडवणारे, पण 'चहा घेणार का' एवढेही जर्मनमध्ये विचारू न शकणारे अनेक विद्वान आपल्याकडे झाले. ही डोळ्यांची जर्मन होती.

उलट बाजूलाही तेच होते. ज्यांच्या नावाने पुण्यात मॅक्सम्युलर भवन उभे आहे त्या मॅक्स म्युलर यांनी ऋग्वेदाचे संपादन केले, पण भारतात ते एकदाही आले नाहीत.

कानाने शिकण्याची पद्धत आपल्याकडे मात्र फार जुनी आहे. तिला आपण संथा म्हणतो. गुरू एकदा म्हणतात, शिष्य दोनदा म्हणतो; स्वर चुकला तर गुरू तिथेच थांबवतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. या साध्या पद्धतीने कोणत्याही यंत्राशिवाय हजारो ऋचांचे उच्चार पिढ्यान् पिढ्या टिकले. पण या संथेचे दार फारच थोड्यांना उघडे होते. कोणी ऐकायचे आणि कोणी नाही हे जन्मावरून ठरे. स्त्रिया आणि बहुसंख्य समाज दाराबाहेरच राहिला. संथेची ताकद आणि तिचे बंद दार, या दोन्ही गोष्टी पुढे लक्षात ठेवायच्या आहेत.

एक मास्तर आणि एक तबकडी

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी एका लेखात त्याने या यंत्राचे दहा उपयोग सांगितले. त्यात अंधांसाठी बोलती पुस्तके होती, वक्तृत्वाचे शिक्षण होते आणि भाषांचे उच्चार जसेच्या तसे जपून ठेवणेही होते.

त्याच सुमारास जर्मनीत शिक्षकांचे एक बंड सुरू होते. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटोर यांनी टोपणनावाने एक पुस्तिका काढली. भाषाशिक्षणाने आता मागे वळलेच पाहिजे, अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते. परक्या जिवंत भाषा लॅटिनसारख्या, म्हणजे व्याकरण आणि भाषांतर यांच्याच वाटेने, का शिकवायच्या? आधी बोली, मग लेखी, असे त्यांचे म्हणणे होते. पण अडचण उघड होती. शिक्षकाचाच उच्चार कच्चा असेल तर वर्गाने ऐकायचे कोणाचे?

मूळच्या हॅनोव्हरच्या एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एका साच्यातून असंख्य तबकड्या छापता येऊ लागल्या आणि ही अडचण सुटण्याची शक्यता दिसली. १९०१ मध्ये लंडनला जॅक रोस्टन यांनी लिंग्वाफोन ही संस्था काढली. बर्लिनमध्ये विल्हेल्म ड्योगेन नावाचे एक शाळामास्तर इंग्रजी शिकवत होते. त्यांनी १९०९ च्या सुमारास तबकडी आणि तिच्या जोडीला उच्चारलिपीत छापलेली पुस्तिका असे स्वयंअध्ययनाचे पाठ तयार केले. कानाने ऐकायचे, डोळ्याने उच्चार पाहायचा आणि तोंडाने म्हणायचे. आजच्या बहुतेक श्राव्य पाठांचा आराखडा हाच आहे.

तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे चाले. म्हणून पाठही छोटे, आणि तेच तेच पुन्हा ऐकण्याचे. पण ऐकणारा कोण, हे तबकडी विचारत नव्हती. संथेचे दार यंत्राने उघडले ते असे.

छावणीतले आवाज

याच मास्तरांचा पुढचा अध्याय आपल्याशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले हिंदी शिपाई जर्मनांच्या हाती लागले. त्यांना बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडोर्फ येथे ठेवले होते. जगातल्या सर्व भाषांचे आवाज जमा करावेत हे ड्योगेन यांचे स्वप्न होते. १९१५ मध्ये त्यासाठी एक सरकारी आयोग नेमला गेला आणि ड्योगेन त्याचे तांत्रिक प्रमुख झाले. भारतीय भाषांचे काम हाइनरिश ल्यूडर्स या संस्कृत पंडितांकडे आले. १९१८ च्या अखेरीपर्यंत सुमारे अडीचशे भाषा-बोलींचे नमुने साडेसोळाशे तबकड्यांवर उतरले.

त्यात ११ डिसेंबर १९१६ ची एक पंजाबी तबकडी आहे. मल्ल सिंग नावाचा शिपाई तिच्यात स्वतःविषयीच, पण 'एक माणूस होता' अशा परक्या रीतीने बोलतो. घरचे लोणी आठवतो, परत जाण्याची आस सांगतो. यंत्राने त्याचा उच्चार अचूक टिपला. आज तो बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. पण तो काय सांगत होता याचे उत्तर द्यायला कर्ण्यापलीकडे कोणी नव्हते. तिथे ऐकले जात होते ते ध्वनीचा नमुना म्हणून. यंत्राची मर्यादा इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

फीत, कॅसेट आणि सराव

१९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र लोकांपुढे आले. तबकडी फक्त ऐकवायची. फितीवर विद्यार्थी आपलाही आवाज भरून ताडून पाहू शकत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यातून भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कानावर हेडफोन, समोर यंत्र आणि एकाच साच्यातल्या वाक्यांचा शेकडो वेळा सराव. भाषा म्हणजे सवय, असे त्यामागचे मानसशास्त्र होते. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये त्या विचारावर कठोर टीका केली: माणूस पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये बोलतो, ती सवयीतून कशी येणार? १९६० च्या दशकात झालेल्या मोठ्या तुलनांमध्येही प्रयोगशाळेत बसणारी मुले इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली नाहीत.

१९६३ मध्ये बर्लिनमध्येच फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट मांडली आणि पाठ खिशात आला. कॅसेटवरच्या पाठांना शास्त्रीय बैठक देण्याचे काम पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषाशिक्षकाने केले. स्मरणातून गोष्टी कशा निसटतात हे हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ मध्येच मोजले होते. पिम्सलर यांनी १९६७ मध्ये उजळणीचे वेळापत्रक सुचवले: नवा शब्द पाच सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, असे अंतर वाढवत न्यायचे. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावले की शब्द पक्का होतो. पाठात मुद्दाम शांतता सोडायची, म्हणजे शिकणारा स्वतः शब्द शोधेल. वर्गात पाढे घेताना हे वेळापत्रक अवश्य वापरून पाहा.

पुढे डॉइचे वेले या जर्मन नभोवाणीने गोएथे संस्थेच्या साहाय्याने 'डॉइच - वारुम निश्त?' म्हणजे 'जर्मन - का नाही?' ही पाठमाला केली. हॉटेलात काम करणारा आन्द्रेआस हा विद्यार्थी आणि त्याची अदृश्य मैत्रीण एक्स यांची ती गोष्ट. गोष्टीच्या ओढीने माणूस पुढचा पाठ ऐकतो, हे त्यात ओळखले होते.

यंत्र बोलते, पण...

मी स्वतः जर्मन शिकलो तो मागून आणलेल्या कॅसेटींवर, भोरला, संशोधनासाठी जर्मनीला जाण्याआधी. सहा महिन्यांत तीस पाठ तोंडपाठ झाले. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी पावाच्या दुकानात दोन पाव मागणारे वाक्य मी असे सफाईने म्हटले की दुकानदारीणबाईंना मी तिथलाच वाटलो असेन. त्यांनी भरभर दोन प्रश्न विचारले. कॅसेटमधली दुकानदारीण असले काही विचारत नसे! मी नुसता उभा राहिलो. मागची रांग वाढली. शेवटी बोटांनी खूण करून पाव घेतले.

मला बोलते केले ते प्रयोगशाळेतल्या एका वयस्क तंत्रज्ञाने. रोज चहाच्या वेळी पंधरा मिनिटे ते माझे ऐकत. चुकले की हात वर करत आणि मी पुन्हा म्हणत असे. संथाच ती!

याला प्रयोगांचाही आधार आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांवर प्रयोग केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली. काहींना तेच चित्रफितीवर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर मिळाले. बारा बैठकांनंतर चिनी ध्वनींतला फरक ओळखता आला तो फक्त पहिल्या गटाला. मोठ्यांची गोष्ट वेगळी आहे. जपानी माणसांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत. पण १९९१ च्या एका प्रयोगात अनेक वक्त्यांचे मुद्रित आवाज ऐकवून, दर उत्तरानंतर बरोबर की चूक हे सांगितल्यावर त्यांचा कान सुधारला. म्हणजे मुद्रित आवाज मोठ्यांचा कान घडवू शकतो. अटी दोन: आवाज अनेकांचे हवेत आणि चूक लगेच कळायला हवी.

आजचे मोबाइल आपले बोलणे ओळखतात, उत्तरही देतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण बोलणाऱ्याला काय म्हणायचे असेल याचा अंदाज बांधण्यासाठीच ती यंत्रणा केलेली असते. त्यामुळे कच्चा उच्चारही पुष्कळदा खपून जातो.

मराठी कान

आपल्या मुलांच्या पदरी काही भांडवल आधीच आहे. 'चाक' आणि 'चमचा' यांतला 'च' म्हणजेच जर्मन 'त्साइट'मधला, म्हणजे काळ या शब्दातला, पहिला ध्वनी. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजी माध्यमातून शिकणारा त्याने बिचकतो, आपण तो-ती-ते जन्मापासून म्हणतो. फक्त वाटणी निराळी: जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! पण आपले 'ते पोरगं' आठवले की हसू ओसरते.

अडते ते ऱ्हस्व-दीर्घापाशी. आपण वहीत त्यासाठी गुण कापतो, पण बोलताना फारसे पाळत नाही. जर्मनमध्ये 'बीटन' म्हणजे देऊ करणे आणि 'बिटन' म्हणजे विनंती करणे. दुसरी अडचण आपल्याकडे नसलेल्या स्वरांची. 'ऊ' म्हणताना होतात तसे ओठ गोल ठेवा आणि आत 'ई' म्हणा. 'ओ'चे ओठ ठेवून 'ए' म्हणा. दोन नवे जर्मन स्वर मिळतील. 'शोन' म्हणजे 'आधीच' आणि दुसऱ्या स्वराने म्हटले तर 'सुंदर'. वर्गात आरशासमोर करून पाहा.

'पण'च्या पुढचे

त्या मुलीला मी नंतर पत्र लिहिले. पाठ गावात रेंज असेल तेव्हा उतरवून घे आणि रोज वीस मिनिटे ऐक. थांबव, मोठ्याने म्हण, स्वतःचा आवाज भरून मूळ आवाजाशी ताडून पाहा. एकाच निवेदकावर थांबू नकोस. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकटी शिकू नकोस. जोडीदारीण गाठ, एकीने पाठातला प्रश्न बदलून विचारायचा, दुसरीने पाठात नसलेले उत्तर द्यायचे. जर्मनच्या परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण यांबरोबर संभाषणाचाही भाग असतो आणि तिथे कॅसेटमधली दुकानदारीण भेटत नाही.

शिक्षकांसाठी निरोप वेगळा आहे. जर्मन येत नाही म्हणून आपण यात काही करू शकत नाही असे समजू नका. आवाज आता यंत्राकडे आहे आणि तो वेल्ह्यालाही पोहोचतो. आठवड्यातून एक तास वर्ग उघडा ठेवा, चार मुलांना समोरासमोर बसवा, मूळ आवाज लावा आणि कोणाचे जुळले, कोणाचे नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. हात वर करून थांबवणारे कोणीतरी तिथे असले की पुरे.

मुलीचे उत्तर आले आहे. त्या आता तिघीजणी आहेत.