व्यवसाय कर : कपात पगारातून, हमी रोजगाराची

महाराष्ट्रातील पगारदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची एक कपात असते. वर्षाकाठी ही रक्कम २,५०० रुपये होते. मुंबईतील बँकेचा अधिकारी असो वा अकोला जिल्ह्यातील पातूरच्या शाळेतील शिक्षक, दोघांनाही हा कर सारखाच भरावा लागतो. प्राप्तिकराच्या टप्प्यांवर दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी मोठी चर्चा होते. व्यवसाय कराची मात्र कोणी फारशी दखल घेत नाही. वास्तविक, पैसा नेमका कशासाठी घेतला जात आहे हे शासनाने प्रारंभीच सांगितले, असे जे थोडे कर राज्यात आहेत त्यांपैकी हा एक प्रमुख कर होय. म्हणूनच 'आमच्या पैशाचे काय झाले?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार येथे करदात्याला अधिक स्पष्टपणे पोचतो.

करामागील वचन

या कराचे मूळ रोजगार हमी योजनेत आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात एक प्रयोग सुरू केला. अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या ग्रामीण माणसाला शासनाने काम द्यावे, हे त्यामागील सूत्र होते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ही योजना राज्यस्तरावर जाहीर झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. आपत्ती आल्यावर मदत करण्याऐवजी कामाचा हक्कच कायम करावा, हा विचार त्या अनुभवातून बळावला.

हक्क द्यायचा तर पैशाची कायम तरतूद हवी. त्यासाठी महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ करण्यात आला आणि तो १ एप्रिल १९७५ पासून अमलात आला. व्यवसाय कराच्या जोडीला वाहनांवरील व विक्रीकरावरील जादा आकारणी, ओलिताखालील जमिनींवरील विशेष आकारणी आणि शहरांतील अनिवासी इमारतींवरील रोजगार हमी उपकर असे अन्य मार्गही योजण्यात आले. या सर्वांतून जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकार भत्ता देण्याचे बंधन या कायद्याने शासनावर घातले.

शहरातील नियमित उत्पन्न असलेल्या वर्गाने कोरडवाहू खेड्यातील मजुराच्या कामाची हमी पेलावी, असा हा सामाजिक करार होता.

कर कोणाला, किती?

कराची वसुली पूर्वी विक्रीकर विभाग करीत असे; आता ते काम राज्याचा वस्तू व सेवा कर विभाग करतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला तेव्हा अनेक अप्रत्यक्ष कर त्यात विलीन झाले. व्यवसाय कर मात्र स्वतंत्र राहिला.

पगारदारांचा कर मालकाने कापून शासनाकडे भरावयाचा असतो. डॉक्टर, वकील, व्यापारी यांसारख्या स्वतंत्र व्यावसायिकांनी स्वतः नावनोंदणी करून वार्षिक कर भरावयाचा असतो. मासिक वेतन ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास कर नाही. ७,५०१ ते १०,००० रुपये वेतनाच्या पुरुषांना दरमहा १७५ रुपये व त्यापुढील वेतनाला वर्षाकाठी २,५०० रुपये कर पडतो. महिलांसाठी करमुक्त वेतनाची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपये करण्यात आली. ६५ वर्षांवरील व्यक्ती, तसेच विहित प्रमाणात कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती यांना सूट आहे. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत पगारदाराला या कराची वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती मिळत नाही.

कराच्या रचनेतील विषमता साध्या गणिताने लक्षात येते. दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याचे वार्षिक वेतन १ लाख ४४ हजार रुपये होते. त्यावर २,५०० रुपये म्हणजे सुमारे १.७ टक्के. दरमहा दोन लाख मिळविणाऱ्याच्या बाबतीत हेच प्रमाण जेमतेम ०.१ टक्का भरते.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका

व्यवसायावरील कराला कमाल मर्यादा का, याचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. प्राप्तिकर केंद्राकडे आणि व्यवसाय कर राज्ये व स्थानिक संस्थांकडे, अशी विभागणी असल्याने एकाच उत्पन्नावर दोनदा भारी कर बसू नये म्हणून मूळ संविधानात वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली.

या मर्यादेसाठीची एक महत्त्वाची न्यायालयीन लढाई वऱ्हाडातच लढली गेली. मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम, १९२२ खाली कापूस पिकविणाऱ्या मुलखातील नगरपालिका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांकडून गाठींच्या हिशेबाने कर घेत असत. गाठी वाढल्या की कर वाढे आणि तो २५० रुपयांच्या पलीकडे जाई. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव नगरपालिकेविरुद्ध एका कारखानदार कंपनीने दाद मागितली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेबाहेरील वसुली बेकायदा ठरवून जादा रक्कम परत मिळण्याचा करदात्याचा हक्क मान्य केला. पुढे बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूर नगरपालिकेच्या प्रकरणातही असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

१९७५ च्या कायद्याने स्थानिक संस्थांचा हा कर आकारण्याचा अधिकार संपला. त्यापोटी त्यांना शासनाकडून अनुदान देण्याची तरतूद झाली. पातूरसारख्या लहान नगरपरिषदेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की गावातील व्यापारी व नोकरदार भरत असलेला व्यवसाय कर थेट राज्याच्या तिजोरीत जातो. गावाच्या नाल्या, दिवे व पाणीपुरवठ्यासाठी मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शासकीय अनुदान यांवरच भिस्त ठेवावी लागते. 'कर भरतो, मग गावात सुधारणा का दिसत नाही?' या नेहमीच्या तक्रारीमागे कोणता कर कोणाकडे जातो याविषयीचा हा गोंधळही असतो.

तिजोरी ते हजेरीपट

व्यवसाय कराचा पैसा थेट रोजगार हमीच्या कामावर पोचत नाही. तो प्रथम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. विधिमंडळाने विनियोजनास मान्यता दिल्यानंतर ती रक्कम रोजगार हमी निधीकडे वर्ग होते आणि तेथून खर्चासाठी दिली जाते. कायद्याच्या दृष्टीने कर हा शुल्काप्रमाणे मोबदल्याच्या बदल्यात दिलेला पैसा नसतो. त्यामुळे 'मी भरलेले २,५०० रुपये अमुक तलावावर खर्च करा' असा आग्रह कोणा एकाला धरता येत नाही. परंतु कायद्याने नेमून दिलेला निधी त्या कारणासाठी वर्ग झाला की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे संपत नाही.

खरी मेख येथेच आहे. वसूल झालेला कर आणि प्रत्यक्षात निधीकडे वर्ग झालेली रक्कम यांत तफावत राहते, शासनाचा समान वाटाही वेळेवर जमा होत नाही, असे आक्षेप भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी राज्याविषयीच्या अहवालांतून नोंदविले आहेत. तिजोरीत तूट असते तेव्हा विशिष्ट हेतूने घेतलेला पैसा सर्वसाधारण खर्चात मिसळून जाण्याचा मोह कोणत्याही शासनाला होतो. कराचे नाव आणि कराचा उपयोग यांतील अंतर अशा रीतीने वाढत जाते.

पातूर तालुक्यात या पैशाचा अर्थ

वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन नैसर्गिक भाग पडतात. पूर्णा खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट प्रदेश म्हणजे पयानघाट आणि दक्षिणेकडील चढाचा पठारी प्रदेश म्हणजे बालाघाट. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता जेथे घाट चढू लागतो तेथे पातूर वसले आहे. दगडात कोरलेली प्राचीन लेणी आणि टेकडीवरील रेणुकामातेचे मंदिर यांमुळे हे गाव परिसरात ओळखले जाते. आलेगाव, चान्नी, सस्ती ही याच तालुक्यातील गावे. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून. उताराच्या जमिनीत मातीचा थर पातळ आणि पाणी वाहून जाणारे. खरीप आटोपल्यानंतर ज्याच्याकडे ओलीत नाही त्याच्या हाताला काम उरत नाही.

अशा भूभागात बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, विहिरी आणि पाणंद रस्ते यांना दुहेरी मोल आहे. मजुरी मिळते आणि जमिनीत पाणी मुरते. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली. त्यामुळे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरील कामही योजनेत आले. मजूर गावाबाहेर पडला नाही तर शहरातील झोपडपट्टीवरील भारही तेवढाच कमी होतो. हमीचा हा लाभ शहरी करदात्याच्या लक्षात सहसा येत नाही.

योजनेवरील आक्षेपही तितकेच जुने आहेत. हजेरीपटावर खोटी नावे, मोजमापातील लबाडी, अपूर्ण सोडलेली कामे आणि उशिरा मिळणारी मजुरी यांच्या तक्रारी राज्यभर होत आल्या आहेत. खोट्या हजेरीत करदाता आणि मजूर दोघांचीही एकाच वेळी फसवणूक होते. त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याचे चित्र अनेकदा रंगविले जाते. प्रत्यक्षात चोख हिशेब ही दोघांचीही गरज आहे.

केंद्रीय कायद्यानंतर

महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. पहिल्या टप्प्यात २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. त्यांत अमरावतीचा समावेश होता. अकोल्याचा समावेश २००७ मधील पुढच्या टप्प्यात झाला. या कायद्याने अकुशल कामाची १०० दिवसांपर्यंतची मजुरी केंद्राने आणि साहित्यखर्चाचा एक चतुर्थांश भाग राज्याने सोसावा अशी विभागणी केली. महाराष्ट्राने १०० दिवसांपुढील कामाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

मजुरीचा मोठा बोजा केंद्राने उचलल्यावर व्यवसाय कर कशासाठी, असा प्रश्न त्यानंतर रास्तपणे विचारला जाऊ लागला. कर चालूच राहिला, वचनाची आठवण मात्र पुसट झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा 'विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)' हा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले असून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी आहे. राज्यावर मजुरीचा वाटा येणार असल्याने १९७५ च्या कराचा मूळ हेतू पुन्हा जिवंत झाला आहे.

मर्यादा वाढवावी काय?

२,५०० रुपयांची मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. या काळात रुपयाचे मोल बरेच घटले. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत वाढवावी अशी शिफारस केली होती. परंतु त्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे आणि ती झालेली नाही. वाढीच्या बाजूने बोलणारे उत्पन्नवाढीची गरज दाखवितात. विरोध करणारे प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर आणि मालमत्ता कर यांच्या ओझ्याकडे बोट दाखवितात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र जुन्या रकमेचा हिशेब स्वच्छ मांडल्याशिवाय नवी रक्कम मागणे नैतिकदृष्ट्या अवघड ठरते. वाढ झालीच तर अल्प वेतनाच्या माणसाला सूट आणि उच्च वेतनाला अधिक दर, अशी टप्पेवार रचना करणे न्याय्य ठरेल.

करदात्याने काय पाहावे?

राज्याच्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांत व्यवसाय कराचे उत्पन्न आणि रोजगार हमीवरील खर्च स्वतंत्र शीर्षांखाली दिलेले असतात. त्या दोन आकड्यांची तुलना कोणालाही करता येते. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात. रोजगार हमी योजनेसाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. गावपातळीवर ग्रामसभा, सामाजिक अंकेक्षण आणि २००५ चा माहितीचा अधिकार ही साधने उपलब्ध आहेत. हजेरीपट व कामाची मोजमापे मागविता येतात.

शहरी माणूस कर चुकविण्याच्या वाटा जितक्या चिकाटीने शोधतो तितक्याच चिकाटीने त्याने कराच्या हिशेबाचा पाठपुरावा केला, तर शासनाला उत्तर देणे भाग पडेल. आलेगावच्या मजुराने काम मागितल्यावर पंधरा दिवसांत त्याच्या हाताला काम लागले आणि पूर्ण मजुरी वेळेवर मिळाली, तरच वेतनचिठ्ठीतील त्या २०० रुपयांचे सार्थक झाले असे म्हणता येईल. ते न घडल्यास कर भरणारा आणि काम मागणारा या दोघांनाही दिलेला शब्द मोडला, हाच त्याचा अर्थ होय.