पॅप स्मिअरच्या अहवालातील बदल : अर्थ आणि उपाय

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल 'अॅबनॉर्मल' आला, की बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिली शंका येते ती कर्करोगाची. प्रत्यक्षात अशा बहुसंख्य अहवालांमागे कर्करोग नसतो. पेशींमध्ये काही बदल आढळला असून त्याचा पुढे शोध घ्यायला हवा, एवढेच तो अहवाल सांगतो.

कारण काय?

या बदलांच्या मुळाशी बहुधा ह्युमन पॅपिलोमा व्हायरस अर्थात एचपीव्ही असतो. लैंगिक संबंधांतून पसरणारा हा विषाणू अत्यंत सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो टिकून राहिल्यास धोका वाढतो. त्याचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. मात्र, संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास हा काळ कमी होतो.

अहवालातील संज्ञा

* एएससी-यूएस : पेशी किंचित वेगळ्या, अर्थ अनिश्चित. बहुधा एचपीव्ही चाचणी किंवा फेरतपासणी.
* एलएसआयएल : सौम्य बदल. अनेकदा उपचारांविना पूर्ववत होतात.
* एचएसआयएल : तीव्र बदल. यात दिरंगाई नको.
* एजीसी : ग्रंथींच्या पेशींतील बदल. प्रमाण कमी, पण सखोल तपासणी आवश्यक.
* अनसॅटिस्फॅक्टरी : नमुना अपुरा. चाचणी पुन्हा करावी लागते.

पुढे काय?

कॉल्पोस्कोपीत गर्भाशयमुखावर सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून ते भिंगातून पाहिले जाते. पांढरट दिसणाऱ्या भागाचा तुकडा बायोप्सीसाठी घेतात. निदान बायोप्सीवरच होते. कर्करोगपूर्व बदल आढळल्यास तेवढा भाग गोठवून किंवा विद्युततारेने काढता येतो. त्यासाठी गर्भाशय काढण्याची गरज सहसा नसते. केवळ स्मिअरच्या अहवालावरून तसा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

संबंधांनंतर किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव होत असेल, तर पूर्वीचा अहवाल चांगला असला तरी तपासणी करून घ्यावी.

वेळेवर तपासणीचे मोल महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीची एकच फेरी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. हा लाभ पदरात पडतो तो चाचणीनंतरचा पाठपुरावा पूर्ण केला तरच. म्हणूनच अहवाल कपाटात ठेवून न देता तो घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे महत्त्वाचे.