खानदेशी रानातले जोडे

खानदेशच्या रानात पायात काय घालायचे, हे आधी तिथल्या जमिनीने ठरवले आणि मग माणसाच्या ऐपतीने. तापीच्या दोन्ही अंगांना काळी, सपाट जमीन आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे. डोंगर बहुतेक काळ्या पाषाणाचे. हा दगड झिजून गोल होण्याआधी फुटतो आणि त्याच्या कडा धारदार राहतात. उतारावर मुरूम आणि सुटी खडी. अशा जमिनीवर चामड्याचा तळ हिरवळीवर झिजतो त्याच्या कितीतरी पट लवकर झिजतो.

शिकारीचा मोसम मुख्यतः उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखात नाले आटतात, पाणी उरते ते मोजक्या डोहांत, आणि सावज त्या पाणवठ्यांभोवती घुटमळते. रान विरळ झाल्यामुळे लांबचे दिसते. पण याच दिवसांत सागाची गळलेली पाने वाळून पापडासारखी होतात. एक पाऊल चुकीचे पडले तर आवाज पार पलीकडच्या टेकाडावर जातो. दुपारी कातळ इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहवत नाही. म्हणजे शिकाऱ्याच्या पायताणाकडून तीन गोष्टी हव्या होत्या: काटा आणि दगड तळातून वर येऊ नये, उष्णता पायाला पोचू नये आणि चालताना आवाज होऊ नये. पहिल्या दोन मागण्या जाड तळ मागतात, तिसरी पातळ आणि मऊ. शिकारी पायताणाचा खानदेशातला सगळा इतिहास या ओढाताणीतून घडला.

काट्यांचे म्हणाल तर या मुलखात त्यांचे प्रकार पायाला वेगवेगळे छळतात. बाभळीचा काटा सरळ, पांढरा आणि बोटभर लांब. तो साध्या चपलेचा तळ सहज भेदतो, आणि टोक तळातच मोडले की पुढे प्रत्येक पावलाला टोचत राहते. बोरीचा काटा आकड्यासारखा वळलेला. तो तळाला काही करत नाही, पण घोटा आणि पोटरी ओरबाडतो. सराटा जमिनीलगत असतो आणि उघड्या चपलेच्या कडेवरून आत शिरतो. त्यामुळे नुसता जाड तळ पुरत नाही, पाऊल वरूनही झाकलेले लागते. मात्र झाकलेल्या पायाला घाम येतो, घामाने कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला जोडा लवकर लागतो.

इथले खरे शिकारी पिढ्यानपिढ्या अनवाणीच हिंडले. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा, मैदानातले फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धतीच अनवाणी पायाला धरून होत्या. पारधी हरणांसाठी आणि तितरांसाठी फास लावत. त्यासाठी सावजाच्या वाटा जवळून निरखाव्या लागतात आणि दबक्या पावलांनी वावरावे लागते. अनवाणी पाऊल वाळक्या पानावर आधी नुसते टेकते, खाली काय आहे याचा अंदाज घेते आणि मगच त्यावर भार येतो. कठीण तळाच्या जोड्यात ही जाणीव नाहीशी होते. पण अनवाणी चालण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या पायांच्या भेगाही पाहायला हव्यात. जोडा नको म्हणून तो घातला नाही असे नव्हते. डोंगरातल्या बहुतेक कुटुंबांना तो परवडत नव्हता. टाचेच्या भेगांत रुतलेला काटा सुईने किंवा दुसऱ्याच काट्याने काढणे हे रोजचे काम होते.

गावात जोडा मिळे तो चांभाराकडून आणि त्याचे चामडे येई कातडी कमावणाऱ्या ढोराकडून. कमावण्याची देशी रीत संथ असे. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सुटे करायचे, ते खरडून काढायचे, धुऊन चुना घालवायचा, मग कडा शिवून त्याची पिशवी करायची आणि ती टांगून आत बाभळीची साल व हिरड्याचे पाणी भरायचे. चामड्यातून झिरपलेले पाणी खालच्या भांड्यात जमे, ते पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दोन्ही बाजूंना साल सारखी लागते. या कामात घाई केली की चामडे आतून कच्चे राहते. वरून ते पक्के दिसते, पण पहिल्या पावसात फुगते आणि उन्हात तडकते. टिकाऊ जोड्याची पहिली परीक्षा अशी शिवणीच्या कितीतरी आधी झालेली असे.

जोड्याच्या तळाला म्हशीचे चामडे, वरच्या भागाला गाय-बैलाचे किंवा बकऱ्याचे. पाऊल चामड्यावर ठेवून कोळशाने त्याची आखणी करायची, रापीने कापायचे, तळाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून आरीने भोके पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. चांगला कारागीर टाका तळाच्या चामड्यात थोडा बुडवत असे, कारण वर राहिलेला टाका दगडावर घासून दोन महिन्यांत तुटतो. टाचेला लोखंडी नाल ठोकायची ती शेतकऱ्याच्या आणि वाटसरूच्या जोड्याला. शिकारीवर जाणारा ती टाळत असे, कारण नाल कातळावर वाजते. नवा जोडा करंजीच्या नाहीतर तिळाच्या तेलात चांगला मुरवून, काही दिवस घरीदारी वापरून, मगच लांबच्या वाटेला काढायचा, हा सर्वांच्याच अनुभवाचा नियम.

बलुतेदारीत चांभाराचे मोठे काम शेतीचे होते. विहिरीवरची चामडी मोट, नाडे, आसूड यांची दुरुस्ती आधी, जोडे मागाहून. त्यामुळे रानासाठी खास जोडा असा वेगळा प्रकार गावात तयार झालाच नाही. शेतातला जोडाच रानात जाई. शिकारीसाठी वेगळे पायताण, ही कल्पनाच खानदेशात इंग्रजांबरोबर आली.

पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा मुलूख उजाड होता. यशवंतराव होळकरांच्या स्वारीने आणि त्यानंतरच्या दुष्काळाने गावेच्या गावे उठली होती, शेते रानाने गिळली होती आणि वाघ गावाच्या पांढरीपर्यंत येत होते. त्याच सुमारास, 28 एप्रिल 1819 रोजी, खानदेशच्या दक्षिण सीमेवर वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला वाघूर नदीच्या घळीतली अजिंठ्याची लेणी पडली. महिना एप्रिलचा होता हे इथे ध्यानात घ्यावे; भर उन्हात तापलेल्या घळीत उतरण्याची वेळ शिकारी सोडून फारशी कोणी निवडत नाही.

1825 मध्ये जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी खानदेशात आला, तेव्हा त्याचे वय बावीस. डोंगरातल्या भिल्लांना लढाईने वठणीवर आणण्याचे प्रयत्न फसले होते; त्यांनाच नोकरीत घेऊन पलटण उभी करायचे ठरले आणि ते काम त्याच्याकडे आले. धरणगाव हे त्या भिल्ल पलटणीचे ठाणे झाले. औट्रमने विश्वास मिळवला तो मुख्यतः शिकारीतून: भिल्लांबरोबर राहून, त्यांच्याच मागकाढ्यांच्या भरवशावर, अनेकदा पायी वाघाच्या मागे जाऊन. 1835 मध्ये तो गुजरातेत गेला, पण चाळीसगाव-कन्नड वाटेवरच्या घाटाला त्याचे नाव चिकटले ते अजून आहे. पलटण 1891 मध्ये पोलीस दलात विलीन झाली.

पायी शिकार करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला इंग्लंडचा बूट इथे लवकरच जड गेला. तिकडचा शिकारी बूट चिखल, गवत आणि ओलावा यांसाठी केलेला. जाड चामडे, उंच घोटा, तळाला ठोकलेले मोठ्या डोक्याचे खिळे. खिळे ओल्या मातीत रुततात म्हणून तिथे पाय घसरत नाही. सातपुड्याच्या कोरड्या कातळावर त्यांचा उलटाच गुण येतो: लोखंड दगडावर रुतत नाही, घसरते, प्रत्येक पावलाला खणखणते, आणि तापलेल्या दगडाची उष्णता खिळ्यांवाटे तळातून थेट पायाला पोचते. शिवाय विलायती चामडे या हवेत वाळून ताठ होई आणि घोट्याजवळच्या घडीवर फाटे. तेल किंवा चरबी वारंवार चोळली नाही तर उत्तम बूटसुद्धा एका उन्हाळ्यात निकामी व्हायचा.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिकाऱ्यांनी यावर जी तोड काढली ती इथल्याच मालातून. सांबराचे कातडे कमावल्यावर जाड पण कापडासारखे मऊ राहते, पायाचा आकार घेते आणि आवाज करत नाही. एकोणिसाव्या शतकात सांबरकातड्याचे बूट आणि पोटरीवरची वेष्टणे हे शिकाऱ्याचे मानाचे सामान होते. त्याचा दोष एकच आणि तो मोठा. हे कातडे पाणी पिते. भिजले की ढिले होते, वाढते, आणि वाळताना वेडेवाकडे आखडते. म्हणून पावसाळ्यात आणि नाल्यांच्या वाटेला ते कुचकामी. तळासाठी कोणी दोरीचा विणलेला, कोणी पातळ चामड्याचा, तर पुढे कोणी रबराचा तुकडा वापरला. पोटरीला लांब लोकरी पट्टी गुंडाळायची रीत इंग्रज फौजेने उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून उचलली. ती काट्यापासून बचाव करते, पण फार आवळली तर पायात रक्त तुंबून गोळे येतात. ती पुढे पोलिसांच्या पायांत दीर्घकाळ टिकली. थोडक्यात, साहेबाचा जोडा हळूहळू भिल्लाच्या अनवाणी पायाच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला गेला.

हे बूट शिवणारे हात इथलेच. छावण्यांच्या आसपास मोची बसत. साहेबाचा फाटका बूट उसवून त्याचे भाग कापडावर उतरवायचे आणि लाकडी कलबुतावर तसाच नवा चढवायचा, अशी त्यांची शिकण्याची रीत. 1860 च्या दशकात भुसावळपर्यंत आगगाडी आली, 1900 मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला, आणि कानपूरच्या कारखान्यांचा माल सहज पोचू लागला. कूपर ॲलन कंपनी तिथे 1880 च्या दशकापासून फौजेसाठी बूट करत होती. कारखान्याच्या बुटाचे दोन गुण होते: माप ठरलेले आणि चामडे एकसारखे. तोटाही त्या मापातच होता. लहानपणापासून अनवाणी वाढलेले पाऊल पुढे पसरट असते, बोटे मोकळी पडलेली असतात. विलायती साच्याचा निमुळता पंजा त्याला दाबतो. गणवेशात आलेल्या पायांना हा बूट सुरुवातीला शिक्षाच वाटला असल्यास नवल नाही.

शिकारीच्या हाक्यात हा भेद उघड दिसे. मचाणावर बुटातला एक माणूस, आणि खाली काटेकुट्यातून सावज उठवत येणारी अनवाणी माणसांची रांग. पाण्याचे ठिकाण, वाघाचे ठसे, वाऱ्याची दिशा, सारे जाणणारा माणूस या रांगेत असे. 1878 च्या वनकायद्याने आणि त्याच वर्षीच्या शस्त्रकायद्याने तर शिकारीवर परवान्याचे बंधन आले. रानातल्या माणसाची शिकार चोरी ठरली आणि परवानेवाल्याची मर्दुमकी.

विसाव्या शतकात रबराने चित्र पालटले. बाटाचा बंगालमधला कारखाना 1930 च्या दशकात सुरू झाला आणि कापडी वरच्या भागाचे, रबरी तळाचे बूट बाजारात आले. चामड्याने जे कधी जमवले नव्हते ते या तळाने जमवले: दगडावर पकड, आवाज नाही आणि किंमत आवाक्यात. मात्र रबर तापते आणि बाभळीचा काटा त्यात शिरतो तो शिरतोच. डोंगराळ गावांत याहून मोठा बदल टायरच्या चपलेने केला. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारी वाढल्या, जुनी टायरे भंगारात आली आणि रस्त्याकडेचे कारागीर त्यांचा तळ कापून वर पट्टे ठोकू लागले. टायरमधले सुताचे थर काटा अडवतात. तळ वर्षानुवर्षे झिजत नाही, आधी पट्ट्याचे खिळे निखळतात. चप्पल जड असते, पट्टा पायाला घासतो, पण सातपुड्यातल्या कष्टकऱ्याला पहिल्यांदाच काटा न लागता लाकूडतोडीला जाता आले ते या चपलेमुळे. शेतावर इंजिने येऊन मोट बंद पडत गेली, तसा गावच्या चांभाराच्या हातचा जोडाही मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा केला, 1970 मध्ये देशभर वाघाची शिकार बंद झाली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याच्या शिकारीचे युगच संपले. यावल अभयारण्य 1969 चे. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावच्या डोंगरातले गौताळा औट्रमघाट अभयारण्य ही दोन्ही 1986 ची. सावजाच्या मागावर पायी हिंडणे मात्र थांबलेले नाही. ते काम आता वनरक्षकाचे. गस्त, पाणवठ्यावरची गणना, दर चार वर्षांच्या व्याघ्रगणनेत ठरलेल्या दोन किलोमीटरच्या रेषेवरून चालत नोंदी घेणे, या सगळ्याला तेच डोंगर आणि तेच काटे.

त्यामुळे बूट पारखण्याच्या कसोट्याही फारशा बदललेल्या नाहीत. चालून चालून पाय फुगतो, म्हणून माप संध्याकाळी, जाड सुती किंवा लोकरी मोजा घालून घ्यावे. उतारावर बोटे पुढे आदळू नयेत इतकी जागा पंज्यात हवी, पण टाच मात्र उचलता कामा नये, कारण फोड बहुधा टाचेलाच येतो. तळ वाकवून पाहावा: तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. नुसता चिकटवलेला तळ खानदेशच्या उन्हात सुटतो. शिवलेला तळ मोच्याकडे पुन्हा बसवता येतो. उन्हाळ्यात हवा खेळणारा कापडी बूट बरा, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा तळाच्या खाचांत भरून प्रत्येक पावलाला वजन वाढवतो, तेव्हा खाचा रुंद आणि मोकळ्या असाव्यात. गमबूट नाल्यात आणि सापांच्या भीतीला ठीक. चढणीवर तो टाच सोलून काढतो. रात्री बाहेर राहिलेला कोणताही बूट सकाळी उलटा करून झटकल्याशिवाय घालू नये, कारण विंचवाला अंधारी, उबदार जागा फार आवडते.