विश्वाचा शेवट आणि विश्वाचा हेतू

श्रोतेहो, "सूर्य जर एक दिवस विझणारच असेल, तर हा सगळा खटाटोप कशासाठी?" हा प्रश्न शाळेतला चुणचुणीत मुलगा विचारतो, तसा पारावर बसलेला म्हातारा माणूसही विचारतो. ऐकायला प्रश्न एकच वाटतो. पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. विश्वाचा शेवट कसा होणार, हा एक. आणि विश्व कशासाठी आहे, हा दुसरा. प्राचीन ग्रीकांकडे तर या दोन्ही अर्थांना मिळून एकच शब्द होता, 'टेलॉस'. शेवट म्हणजेही टेलॉस आणि साध्य म्हणजेही टेलॉस. बी जसे झाडाकडे वाढत जाते, तशी सजीव सृष्टी आपापल्या साध्याकडे जात असते, अशी ॲरिस्टॉटलची शिकवण होती. ती युरोपात शतकानुशतके टिकली. पुढे ही गाठ कशी सुटत गेली, ते आज पाहू. गंमत अशी, की ही हकीकत आकाशात नव्हे, वाफेच्या यंत्रापाशी सुरू होते.

१८२४ साली सादी कार्नो नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअराने एक छोटे पुस्तक छापले. खाणीतले पाणी उपसायला, गिरण्या चालवायला त्या काळी वाफेची यंत्रे आली होती, आणि ती कोळशाचे ढीगच्या ढीग फस्त करीत होती. एवढ्या उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळेल, हा कार्नोचा प्रश्न होता. त्याच्या ध्यानात आले, की नुसती उष्णता असून भागत नाही. एक जागा ऊन हवी आणि दुसरी गार हवी. पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरवते, तशी उष्णता उन्हाकडून गाराकडे जाताना काम करते. दोन्ही जागा सारख्याच झाल्या, की यंत्र थांबले!

आता आपल्या न्हाणीघरात या. घंगाळात कढत पाणी आहे. त्यात आपण विसण घालतो आणि पाणी कोमट होते. त्या कोमट पाण्यातून कढत पाणी आणि विसण पुन्हा वेगळे निघाल्याचे कुणी पाहिले आहे का? उष्णता नाहीशी झालेली नसते, ती त्या पाण्यातच असते. पण तिची काम करण्याची ताकद गेलेली असते.

कार्नो १८३२ साली पटकीने वारला. त्याच्या पुस्तकाकडे त्या वेळी फारसे कुणी पाहिले नाही. पुढे जर्मनीत क्लाउझियुस आणि ग्लासगोत विल्यम थॉमसन यांनी तो धागा उचलला. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाले. १८५२ साली त्यांनी लिहिले, की ठरावीक काळानंतर पृथ्वी माणसाला राहण्याजोगी उरणार नाही. दोनच वर्षांनी हेल्महोल्त्झ यांनी एका व्याख्यानात हा विचार साऱ्या विश्वाला लावून दाखवला. सगळे विश्वच एक दिवस घंगाळातल्या पाण्यासारखे कोमट होईल आणि पुढे काहीच घडणार नाही!

या विचाराने भले भले हादरले. सजीवांच्या उत्क्रांतीचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात कबूल केले आहे, की इतक्या दीर्घ, संथ प्रगतीनंतर सारे जीव नष्ट व्हायचे, ही कल्पना आपल्याला सोसवत नाही. म्हणजे बघा, शेवट कळला आणि त्याबरोबर हेतूही बुडाला, असे लोकांना वाटू लागले. जुनी गाठ अजून सुटली नव्हती.

विसाव्या शतकात शेवटाचा हिशेबच बदलत गेला. केल्विनने १८६२ साली सूर्याचे वय बहुधा दहा कोटी वर्षांच्या आत धरले होते. पुढे अणूच्या गाभ्यातल्या शक्तीचा शोध लागला आणि ते सुमारे ४६० कोटी वर्षे ठरले. अजून साधारण ५०० कोटी वर्षे सूर्याजवळ आहेत. १९२९ साली हबल यांच्या मोजणीने विश्व प्रसरण पावत असल्याचे दिसून आले. १९४८ साली फ्रेड हॉइल आदींनी विश्वाला आरंभही नाही आणि अंतही नाही, असा सिद्धांत मांडला. कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी. ते या बाजूने चिकाटीने लढले. १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण उजेडात आले आणि बहुतेक शास्त्रज्ञ आरंभ मानणाऱ्या बाजूला गेले. १९९८ साली प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले. आणि २०२४-२५ च्या मोजण्यांवरून, तो वेग वाढवणारी शक्तीच कदाचित क्षीण होत असावी, अशी शंका निघाली आहे. शेवटाचे शेवटचे पान अजून लिहून व्हायचे आहे!

हेतूचे काय? इथे बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांची आठवण ठेवावी. विश्वाला आरंभ आहे, ही कल्पना त्यांनीच १९३१ साली मांडली, आणि ते स्वतः कॅथलिक धर्मोपदेशक होते. १९५१ साली पोपनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा आनंद व्हायचा तो लमेत्रना संकोच वाटला. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आरंभावरून हेतू सिद्ध करायचा नाही, हे त्यांनी ओळखले. मग शेवटावरून हेतू खोडून तरी कसा काढणार? दोन्हीकडे चूक एकच.

दिव्यातले तेल संपते, तो दिव्याचा शेवट. तो कुणी आणि कशासाठी लावला, हे तेल मोजून कळत नाही. सुगी संपून रान मोकळे झाले, म्हणून पेरणी फुकट गेली असे कोणता शेतकरी म्हणेल?

तेव्हा गुरुजींनो, वर्गात हा प्रश्न आला, तर मुलाला गप्प बसवू नका आणि घाईने उत्तरही देऊ नका. प्रश्नाचे आधी दोन भाग करून द्या. एका भागासाठी दुर्बीण, गणित आणि धीर लागतो. दुसऱ्या भागाचे उत्तर दुर्बिणीत दिसत नाही. ते ज्याचे त्याला शोधावे लागते, आणि त्यासाठी सूर्य विझण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.